थारच्या सीटा: लेदर, रेक्झिन की कापड? पावसाळ्याआधी ठरवायचं आहे

घाटवाट (पुणे) | ३ मे, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात सेकंडहँड थार घेतली. २०२१ची, तीन दारांची, हार्ड टॉप, डिझेल, फोर बाय फोर. इंजिन, गिअरबॉक्स, खालचा सांगाडा सगळं तपासूनच घेतलं, त्याबद्दल तक्रार नाही. अडलंय ते सीटांवर.

आधीच्या मालकाने मूळ कापडावर काळ्या रेक्झिनची कव्हरं शिवून चढवली होती. पुढच्या दोन्ही सीटांवर ती मांडीखाली फाटली आहेत. शिवाय गाडीत बसून दहा मिनिटं झाली की ओल्या गोधडीसारखा वास यायला लागतो. एसीची जाळी बदलली, गाडी आतून पुसून घेतली, तरी वास जात नाही.

वापर असा: आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी, आणि पावसाळ्यात महिन्यातले दोन रविवार तरी चिखलात. मुळशीच्या बाजूला मित्राची स्वतःची जमीन आहे, तिथे ओढा आणि चढ दोन्ही आहेत. त्या दिवशी आम्ही चौघंही भिजलेलेच गाडीत बसतो.

आणखी एक. आई ६८ वर्षांची आहे आणि तिचे गुडघे दुखतात. उंच गाडीत चढताना ती आधी सीटच्या कडेवर टेकते आणि मग आत सरकते. रेक्झिनवर ती सहज सरकते, कापडावर साडी अडकते. बायको म्हणते, बाकी काही कर, पण आईंना चढता आलं पाहिजे.

दुकानदारांनी दिलेले भाव: साधं रेक्झिन ९,५०० रुपये, चांगल्या प्रतीचं पीयू (लेदरसारखं मऊ कृत्रिम कापड) १८,०००, खरं लेदर ५५,०००. खऱ्या लेदरवाल्याने "आयुष्यभर बघायला नको" असं सांगितलं. पैसे जमवता येतील, पण एकदाच खर्च करायचा आहे.

ज्यांनी खरोखर चिखलात गाडी घातली आहे त्यांनी कृपया सांगा.

वाळूतला (दुबई) | ३ मे, रात्री १०:४०

नव्या गाडीबद्दल अभिनंदन.

इथली गोष्ट वेगळी आहे, पण सांगतो. माझ्या निसान पॅट्रोल गाडीला कंपनीचं खरं लेदर होतं. पाण्याचा त्रास इथे नाहीच, आम्हाला त्रास उन्हाचा आणि वाळूचा. शुक्रवारी सकाळी वाळवंटात जायचं, दुपारी परत. वाळूचे बारीक कण कपड्यांना चिकटून सीटवर येतात आणि प्रत्येक वेळी चढता-उतरताना लेदरवर घासले जातात. चार वर्षांत ड्रायव्हरच्या सीटच्या बाहेरच्या उंचवट्यावरचा रंग उडाला आणि खालचा करडा भाग दिसायला लागला. दुपारच्या उन्हात उभी केलेली गाडी आणि नंतर तासभर जोरात एसी, यामुळे लेदर कोरडंही पडतं. दर दोन महिन्यांनी कंडिशनर लावत होतो, तरी पाठीवर बारीक भेगा आल्याच.

वाळूच्या उंच उतारावर गाडी तिरकी झाली की लेदरवर अंग घसरतं. स्टिअरिंगला धरून स्वतःला सावरावं लागतं, आणि तसं करताना स्टिअरिंग चुकून वळतं. मला सगळ्यात धोक्याचं तेच वाटलं. रॅलीच्या बकेट सीटा बहुतेक कापडी असतात, ते उगाच नाही.

मोहर्ली_जिप्सी | ४ मे, सकाळी ६:०५

भाऊ, मी ताडोब्यात जिप्सी चालवतो, मोहर्ली गेटवर. आमच्या जिप्स्यांना बहुतेक रेक्झिनच असते. काहून का वरून गाडी उघडी. धुळीनं माणूस लाल होते, तर सीटचं काय होत असंन? रेक्झिनवर ओला फडका मारला की झालं. पाहुणे उतरले की पाच मिनिटांत गाडी दुसऱ्या फेरीले तयार.

पण उन्हायात, मे महिन्यात, दुपारच्या फेरीले गाडी उन्हात उभी राहिली तर रेक्झिनवर बसता येत नाही. चटका बसते. आम्ही जाड टॉवेल टाकतो. पांढऱ्या रंगाचं रेक्झिन कमी तापते, पण ते चार दिवसांत कळकट होते.

पावसाचं मी सांगत नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअरमधली सफारी बंदच असते, अन् गाडी शेडमधी. तुमचा प्रश्न पावसाचा आहे, तो कोकणातल्या माणसाले विचारा.

वाशिष्ठी (चिपळूण) | ४ मे, दुपारी २:३०

कोकणातली मी आहे, तर सांगते.

२२ जुलै २०२१ चा पूर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, आम्ही घराच्या माडीवरून पाहिला. अंगणात दोन गाड्या होत्या. आमची जुनी छोटी गाडी, तिला कापडी सीटा. सासऱ्यांची मोठी गाडी, तिला रेक्झिनच्या. दोन्ही जोत्यावर चढवून ठेवल्या होत्या म्हणून पाणी बसायच्या जागेपर्यंतच आलं, त्याच्या वर नाही.

पाणी ओसरल्यावर सासऱ्यांच्या गाडीच्या सीटा आम्ही नळीने धुतल्या, फडक्याने पुसल्या. तासाभरात नव्यासारख्या दिसायला लागल्या. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं. कापडी सीटा मात्र बघवत नव्हत्या, रंगच कळत नव्हता. त्या बोल्ट खोलून बाहेर काढल्या, ओसरीवर उलट्या ठेवल्या आणि फोममधून स्वच्छ पाणी येईपर्यंत वरून पाणी सोडत राहिलो. तीन दिवस हेच काम. मग पंख्यासमोर, आणि उघडीप मिळेल तेव्हा उन्हात. दहा-बारा दिवस गेले, पण वाळल्या. डाग राहिले, वास राहिला नाही.

सासऱ्यांच्या गाडीला तिसऱ्या आठवड्यात वास यायला लागला. गणपतीच्या आधी सीट उघडली तर आत गाळ होता. वाळलेला नाही, ओला. तीन आठवड्यांनी ओला! बोट घातलं तर मळलेल्या कणकेत जावं तसं आत गेलं. वरून रेक्झिन कोरडं ठणठणीत. तो फोम फेकावा लागला.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की पुसता येणं म्हणजे स्वच्छ होणं नाही. घाटवाट, तुमच्या गाडीचा वास रेक्झिनखालून येत असणार. आधी उघडून बघा, नवीन काय घालायचं ते नंतर.

दुसरी बाजूही सांगते. कुंभार्ली घाटात माझी मुलगी दर खेपेला उलटी करते. कापडी सीटवर ते झालं की पुढचा महिनाभर गाडीत बसवत नाही. तिथे रेक्झिन बरं, हे मी नाकारणार नाही.

कृष्णाकाठ (सांगली) | ४ मे, संध्याकाळी ७:१५

वाशिष्ठीताई, अंगावर काटा आला वाचून. आमच्याकडे २०१९ ला पाणी भरलं होतं, त्याची आठवण झाली.

माझी शंका जरा वेगळी आहे. आम्ही जैन, घरात चामड्याची वस्तू शक्यतो आणत नाही. मला थार रॉक्स घ्यायची आहे. तिच्यात लेदरेट सीटा आहेत असं कळलं. लेदरेट म्हणजे त्यात चामडं नसतंच ना? आणि बाहेर शिवून घेताना दुकानदार "प्युअर लेदर" म्हणून काय देतो, ते ओळखायचं कसं?

तांबडीमाती (कोल्हापूर) | ४ मे, रात्री ११:२०

कृष्णाकाठ, लेदरेट म्हणजे विणलेल्या कापडावर पीव्हीसी (साधं रेक्झिन याचंच) किंवा पीयूचा थर. चामडं नाही. फक्त स्टिअरिंगवर काय गुंडाळलंय ते वेगळं विचारून घ्या. काही गाड्यांमध्ये सीटा कृत्रिम आणि स्टिअरिंगवर खरं लेदर असतं. शोरूमकडून लेखी घ्या.

आता ओळखायचं कसं. माझ्या आजोबांचा कातडी कमावण्याचा धंदा होता. आमच्या अंगणात बाभळीची साल आणि हिरडा पोत्यांनी पडलेला असायचा. कोल्हापुरी चपलेचं कातडं असंच कमावतात. त्या वासात वाढलोय, म्हणून अधिकाराने सांगतो. वरून बघू नका. छाप मारून कुठलीही जाळी, कुठलीही सुरकुती उठवता येते. कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला बारीक तंतूंचा गुंता दिसतो, घोंगडीच्या कडेसारखा, आणि मागची बाजू सुएडसारखी मऊ लवदार असते. कृत्रिम मालाची कड सरळ थरांची दिसते, मागे विणकाम दिसतं. तुकडा जाळला तर चामड्याला केस जळल्याचा वास येतो, पीव्हीसी वितळतं आणि उग्र धूर सोडतं. पाण्याचा थेंब टाकून बघा असं सांगतात, ते गाडीच्या लेदरला लागू पडत नाही. त्याच्यावर रंगाचा आणि संरक्षक थर असतो, थेंब वरच राहणार.

घाटवाट, तुमच्यासाठी. "आयुष्यभर बघायला नको" हे वाक्य चामड्याबद्दल कुणी बोललं की समजावं, त्या माणसाने चामडं हाताळलेलं नाही. चामड्याकडे सतत बघावं लागतं. गाडीचं लेदर बहुतेक क्रोमने कमावलेलं असतं, ते चपलेच्या कातड्यापेक्षा उष्णता जास्त सोसतं. पण पाण्याचा नियम दोघांनाही सारखाच. भिजलं आणि वाळलं, पुन्हा भिजलं आणि वाळलं, की आतलं तेल थोडं थोडं निघून जातं. मग तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं आक्रसतं आणि कडक होतं. भिजलेला बूट चुलीजवळ वाळवला की कसा लाकूड होतो, तेच. आणि सावलीत हळूहळू वाळवायचं म्हटलं तर जुलैमध्ये आमच्याकडे बुरशी धरते. कपाटातल्या पट्ट्यावर पांढरी लव येते ती बघितली असेल सगळ्यांनी.

रोज हिंजवडीला जाणाऱ्या गाडीत जरूर घाला. बसायला त्याच्यासारखं सुख नाही. पण चौघं भिजलेले चिखलाचे लोक बसणार असतील तर घालू नका. चामड्यावर जगलेल्या घरातला माणूस हे सांगतोय. एका जनावराचं कातडं असं फुकट घालवणं मला पटत नाही.

कृष्णाकाठ (सांगली) | ५ मे, सकाळी ८:००

मनापासून आभार. लेखीच घेतो.

सुईदोरा (पुणे) | ५ मे, रात्री १०:५०

मी २२ वर्षं सीटा शिवतोय. आधी नाना पेठेत दुसऱ्याकडे, आता स्वतःचं छोटं दुकान आहे. नाव सांगत नाही, इथे जाहिरात करायची नाही. वाशिष्ठीताईंनी जे लिहिलंय ते रोज बघतो, म्हणून त्याचं कारण सांगतो.

रेक्झिन वॉटरप्रूफ असतं. रेक्झिनची सीट वॉटरप्रूफ नसते. फरक शिवणीचा आहे. एका सीटला आठ-दहा मीटर तरी शिवण येते, आणि प्रत्येक टाक्याला सुईचं एक भोक. कापडात सुई गेली तर धागे बाजूला सरकतात आणि पुन्हा जवळ येतात. रेक्झिनमध्ये भोक पडलं की ते कायमचं. तुम्ही ओल्या पँटने बसलात की फोम दाबला जातो, आतली हवा बाहेर. उठलात की फोम फुगतो आणि हवा आत ओढतो, तिच्याबरोबर शिवणीवर साचलेलं पाणीही. पिचकारीच म्हणा ना. आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला मात्र वाट नाही, कारण वाफ होऊन उडायचं तर वर रेक्झिन. कापडातून ते दोन दिवसांत उडून जातं.

म्हणून डबल शिवण, डायमंड शिवण, पाठीवर चौकटी, हे सगळं चिखलात जाणाऱ्या गाडीला करू नका. दिसायला झकास, पण प्रत्येक रेघ म्हणजे शंभर भोकं. छिद्रं पाडलेलं रेक्झिन तर नकोच.

पीयू की पीव्हीसी, हाही प्रश्न येतो. पीयू हाताला मऊ, लेदरच्या जवळचं. पण दमट हवेत हलक्या प्रतीचं पीयू काही वर्षांत पापुद्रे सोडतं. जुन्या सोफ्यावर आणि बॅगांवर बघितलं असेल, काळे कण कपड्यांना लागतात. पीव्हीसी त्या बाबतीत चिवट, पण उन्हाने त्याच्यातलं मऊपणा देणारं द्रव्य निघून जातं, मग ते कडक होऊन चिरतं. मांडीखालीच का फाटतं, तर रोज चढता-उतरताना तिथेच दुमडतं. १८,००० देऊन पीयू घालायची गरज तुमच्या वापरात मला दिसत नाही. जाड पीव्हीसी बरं, तेही मागच्या सीटला.

घाटवाटदादा, आधी पुढची एक सीट उघडून घ्या. कुठल्याही कुशनवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे.

स्पॅनर१० (पिंपरी) | ६ मे, सकाळी ९:३५

सुईदोरा, फार मोलाचा प्रतिसाद. वाचनखूण साठवली.

सुरक्षिततेचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. पुढच्या सीटेच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅगची छोटी पट्टी शिवलेली आहे का ते आधी बघा. जिम्नी, थार रॉक्स या सहा एअरबॅगच्या गाड्या, त्यांच्या पुढच्या सीटेच्या कुशीतच साइड एअरबॅग असते. तिथली कंपनीची शिवण ठरलेल्या ताकदीला उसवावी अशीच बनवलेली असते. त्याच्यावर जाड रेक्झिन नायलॉनच्या दोऱ्याने घट्ट शिवलं तर एअरबॅगला वाट मिळत नाही. अशा गाड्यांना कुशीकडून मोकळं असलेलं किंवा तिथे मुद्दाम कच्ची शिवण घातलेलंच कव्हर हवं. घाटवाट यांच्या तीन दारांच्या थारमध्ये दोनच एअरबॅग, त्या समोर, त्यामुळे त्यांना ही काळजी नाही. पण धागा वाचून दुसरं कुणी करायला जाईल.

दुसरं. सीट बाहेर काढताना आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, पाच-दहा मिनिटं थांबा. सीटेखाली पिवळा कनेक्टर दिसला तर तो एअरबॅग किंवा बेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचा असतो. तो ओढाताण करून काढू नका आणि तो सुटलेला असताना इग्निशन चालू करू नका, डॅशबोर्डवर दिवा लागून बसेल.

तिसरं, रेक्झिन विकत घेताना ते गाडीसाठीचं आहे का विचारा. वाहनातल्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. सोफ्याचं रेक्झिन स्वस्त मिळतं म्हणून गाडीत घालू नका.

रॉक्सच्या वरच्या मॉडेलला हवा खेळवणाऱ्या सीटा आहेत. कृष्णाकाठ, त्यावर कसलंही कव्हर घातलंत तर ती सोय बंद पडली असं समजा. आणि ओल्या चिखलाने त्यावर बसूही नका.

देवबाग (मालवण) | ६ मे, दुपारी १:१०

समुद्राच्या पाण्याचा सांगतंय. गोड्या पाण्यान भिजलेला कापड सुकता. खाऱ्या पाण्यान भिजलेला सुकला असा वाटता, पण मीठ आत रवता आणि हवेतला पाणी ओढून घेता. सकाळी सीट कोरडी, रात्री परत ओली. गोड्या पाण्यान दोन-तीनदा धुऊन काढल्याशिवाय इलाज नाय. सीटेखालच्या पट्ट्यांक गंज चढता तो वेगळो.

आणि किनाऱ्यावर गाडी घालू नकात. भरतीत अडकलेल्यो गाड्यो ओढून काढूक आम्हीच जातंव. कासवांची अंडी असतत, पोलीस गुन्हो पण दाखल करतत.

स्वानतीर (पर्थ) | ६ मे, रात्री ८:२५

देवबाग, किनाऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत.

इथे ऑस्ट्रेलियात ही चर्चा फार जुनी आहे आणि लोकांनी त्यावर सोपा तोडगा काढलेला दिसतो. गाडीची सीट कापडी राहू द्यायची आणि वरून जाड कॅनव्हासचं कव्हर. शेतकरी, खाणीत काम करणारे, आडवाटेला जाणारे, खूप जणांच्या गाडीत ते दिसतं. माझ्या गाडीला सात वर्षं तेच आहे. पाणी लगेच आत जात नाही, सीटवर अंग घसरत नाही, उन्हात चटका बसत नाही, आणि परत आलं की पट्टे सोडून दोरीवर वाळत टाकायचं. सुरुवातीला बसायला खरखरीत लागतं, दहा-बारा धुण्यांनंतर मऊ पडतं. निओप्रीनचंही मिळतं, पाण्याच्या खेळात घालतात त्या सूटचं कापड. ते मऊ असतं, पण उन्हाळ्यात घाम येतो.

इतिहासातलं एक सांगायचा मोह होतोय. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या सीटा कॅनव्हासच्याच होत्या. आणि १९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर आली तेव्हा तिच्या सीटा व्हिनाइलच्या होत्या, आतून पाइपने धुऊन काढता यावी म्हणून. आज तीच गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लेदर येतं. चिखलातून वर काढून ती जशी दिवाणखान्यात आणली, तशा सीटा बदलत गेल्या.

घाटवाट (पुणे) | ११ मे, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. काल सीट उघडली. जे बघितलं ते जसंच्या तसं लिहितो.

घराजवळच्या कुशनवाल्याकडे गेलो. त्याने चार बोल्ट काढून ड्रायव्हरची सीट फुटपाथवर सतरंजीवर आडवी ठेवली. खालच्या कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या हुकातून सोडवल्या. वरचं रेक्झिन निघालं, त्याच्या आतल्या बाजूला, जिथे जिथे शिवण होती तिथे तिथे काळ्या ठिपक्यांची ओळ होती. अगदी टाक्यागणिक एक ठिपका. सुईदोरा, तुमचा प्रतिसाद डोळ्यांसमोर आला. त्याखाली मूळ कापड, ते धड होतं, पण मधोमध ताटाएवढा पिवळट डाग. मग त्याने मूळ कव्हरही मोज्यासारखं उलटं करत सोडवलं. फोमच्या खोबणीत ज्या तारा असतात त्यांना कव्हर बारीक रिंगांनी अडकवलेलं असतं. त्यातल्या मागच्या बाजूच्या पाच-सहा रिंगा गंजून हातातच तुटल्या.

फोम वरून कोरडा वाटला. त्याने दोन्ही तळव्यांनी दाबला आणि कडेने चहाच्या रंगाचं पाणी आलं. मे महिन्यात! पुण्यात ऑक्टोबरपासून पाऊस नाही. आधीच्या मालकाला फोन केला तर म्हणाला, मार्चमध्ये विकण्याआधी गाडी आतून पाण्याने धुऊन घेतली होती. म्हणजे दोन महिने ते पाणी तिथेच होतं. आणि त्याच्यावर बसून मी रोज ऑफिसला जात होतो.

फोम गच्चीवर उन्हात ठेवला आहे. मूळ कव्हरं कोमट पाणी आणि व्हिनेगरमध्ये भिजवली, डाग फिका झालाय, बुरशीचा वास गेलाय.

आता मत बनत चाललंय: पुढे मूळ कापड आणि वरून सोडवता येणारं कॅनव्हास. खरं लेदर डोक्यातून काढलं. पण आईचा प्रश्न तसाच आहे. कॅनव्हासवर साडी अजूनच अडकणार.

सुईदोरा (पुणे) | ११ मे, रात्री ११:१५

दादा, आईंसाठी संपूर्ण सीट बदलायची गरज नाही. त्या जिथे टेकतात आणि जिथून सरकतात तेवढीच जागा गुळगुळीत हवी. डाव्या सीटच्या बाहेरच्या उंचवट्यावर जाड पीव्हीसीचा एक तुकडा, अर्ध्या भाकरीच्या आकाराचा, कॅनव्हासवर कडेने एकच शिवण घालून. बसण्याच्या खोलगट भागात कॅनव्हासच राहू द्या, म्हणजे आत गेल्यावर त्या घसरणार नाहीत. आमच्याकडे रिक्षावाले ड्रायव्हरच्या बाजूला असाच तुकडा लावून घेतात.

मागच्या सीटला साधं पीव्हीसी, कमीत कमी शिवणी, आणि शिवणी बसण्याच्या भागात नकोत, कडेला घ्यायला सांगा. खालची बाजू उघडी ठेवायला सांगा, म्हणजे गेलेलं पाणी खालून तरी निथळेल. पुष्कळ जण नीटनेटकं दिसावं म्हणून खालूनही रेक्झिन लावून बंद करतात, तिथेच घोळ होतो.

कॅनव्हास आधी एकदा गरम पाण्यात धुऊन मग मापं घ्यायला लावा. नाहीतर पहिल्या धुण्यात आटेल आणि पुन्हा चढणार नाही.

वाशिष्ठी (चिपळूण) | १२ मे, सकाळी १०:०५

अर्ध्या भाकरीचा तुकडा! माझ्या सासूबाईंना हेच हवं आहे. आजच इथल्या कुशनवाल्याला सांगते.

तांबडीमाती (कोल्हापूर) | १२ मे, दुपारी १२:४०

अनुमोदन. ५५,००० मधले उरलेले पैसे चांगल्या टायरला घाला.

घाटवाट (पुणे) | १४ जुलै, रात्री १०:२०

दोन महिन्यांनी धागा वर आणतोय.

पुढच्या दोन सीटा: मूळ कापड, वाळलेला फोम, नवीन रिंगा, वरून हिरवट करड्या कॅनव्हासची कव्हरं. मागे जाड पीव्हीसी, खालून उघडं. एकूण खर्च ८,७०० रुपये, त्यात कॅनव्हासचं कापड मी स्वतः रविवार पेठेतून आणून दिलं. गरम पाण्यात धुतल्यावर ते खरंच आटलं. आधी मापं घेतली असती तर सगळं वाया गेलं असतं.

गेल्या रविवारी मुळशीला गेलो होतो. ओढ्याला पाणी होतं, पण ही गाडी ६५० मिलिमीटर खोल पाण्यापर्यंतच घालायची ही मर्यादा लक्षात ठेवून काठी टाकून मोजूनच गाडी घातली. दार उघडल्यावर थोडं पाणी पायाशी आलं, परतल्यावर खालची बुचं काढून ते सोडून दिलं. चढावर गाडी चांगलीच तिरकी झाली होती, अंग जागेवरून हललं नाही. मागे बसलेले दोघं मात्र वरची दांडी धरून होते, पीव्हीसीवर ते घसरत होते. त्यावर दोन टॉवेल टाकले.

घरी आल्यावर कव्हरं सोडवली, बाल्कनीत दोरीवर टाकली. बाहेर पाऊस चालूच, त्यामुळे वाळायला अडीच दिवस लागले. त्या अडीच दिवसांत सोमवार-मंगळवार मी मूळ कापडावर बसून ऑफिसला गेलो. रोज सीटच्या खोबणीत हात घालून बघत होतो. कोरडी.

आज संध्याकाळी आईला दवाखान्यात नेलं. तिने नेहमीसारखी दाराची दांडी धरली, कडेवर टेकली आणि एका दमात आत गेली. पदर सावरून म्हणाली, "हे बरं केलंस." बायकोने माझ्याकडे बघितलं, मी गाडी सुरू केली.

एकच गोष्ट राहिली आहे. मागच्या सीट बेल्टच्या पट्ट्यांना ओलसर वास येतोय. ते कुणी कसे धुता?

स्पॅनर१० (पिंपरी) | १५ जुलै, सकाळी ७:५०

पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि वर गुंडाळीपाशी मोठा कागदी चिमटा लावा, म्हणजे तो आत जाणार नाही. कोमट पाणी, अंगाचा साबण, मऊ ब्रश, पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने. ब्लीच किंवा कपड्याची पावडर अजिबात नको, धागा कमजोर होतो. पूर्ण वाळल्याशिवाय चिमटा काढू नका. पावसाळ्यात एक रात्र पुरत नाही, दोन रात्री ठेवा.